तारा गप्प करायला शिकले तेव्हा

बाबांचा दमा वाढला तेव्हापासून गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या आमच्या घरातली चूल आईच्या बिड्यांवर चालायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या पोत्यात तेंदूची पानं. कॉलेजला जायच्या आधी मीही वळायला बसायचे. बिडी जरा सैल दिसली की ठेकेदाराचा माणूस बाजूला फेकायचा. ती मेहनत वायाच. मी गोंदियाला बी.ए. करत होते. आमच्या घरातून तिथवर कुणी गेलं नव्हतं. हे सांगायला मला आजही आवडतं.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात कॉलेजच्या ऑर्केस्ट्राला ब्लूज या अमेरिकन संगीतातला शफल नावाचा ठेका वाजवायचा होता आणि त्यात मला गिटार हवी होती. ती लंगडत चालल्यासारखी लय माझ्या डोक्यात बसली होती. गिटार शिकवणारा सीनियर रेल्वे कॉलनीतला. माझं ऐकून म्हणाला, "बजाने हैं दो तार, तेरे छहों झगड़ रहे हैं। शनिवार तक चुप कराना सीख, नहीं तो नीचे बैठके ताली बजा।" पण आपली जुनी गिटार घरी न्यायला दिली.

उजव्या तळहाताची कड घोडीपाशी, म्हणजे तारा जिथे पट्टीवर टेकतात तिथे, तारांवर टेकवायची, डाव्या हाताच्या बोटानं नको त्या तारा झाकायच्या, एवढं त्यानं दाखवलं होतं. मला काही जमेना. शेवटी मी तेंदूच्या पानाची घडी तारांखाली खुपसली. सगळ्याच तारा मेल्या. रिकामा डबा बडवल्यासारखं वाजू लागलं.

आई हसली. "काऊन वं, गिटारीले बी बिडी पाजून रायली का?"

"तारा गप्प बसत नाहीत ना!"

"कशा बसतीन? तू त नरडं दाबून रायली त्यायचं. बिडी वळतानी एवढी दाबतं का? पान फाटन ना! बोट उचलू नको, दाबू बी नको. नुसतं राहू दे."

मी बोटाच्या शेंड्यानं एक तार दाबली आणि उरलेलं बोट बारीक तारांना नुसतं लागू दिलं. तळहात हलकेच टेकवला. दोनच तारा वाजल्या.

"हे काय, बैल लंगडून रायला?" आई म्हणाली.

"असंच असते हे."

"मंग लंगडू दे. पडू नको देऊ."

शनिवारपर्यंत माझ्या वाटणीच्या बिड्या तिनंच वळल्या. मी सुपाला हात लावला की म्हणायची, "सोड. तुही बोटं नरम राहू दे." गिटारीनंही बोटांना घट्टे पडतात, हे मी तिला सांगितलं नाही.

शनिवारी सीनियर खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर एवढंच म्हणाला, "हाँ, अब ठेका बैठा।"

स्नेहसंमेलनात मी पूर्ण शफल वाजवला. नको ती एकही तार वाजली नाही.