चौकटीवर वाढलेलं बेट

बेटावर सगळे त्यांना भरतीमास्तर म्हणत. धक्क्यापाशी पाण्यात रोवलेल्या पट्टीवर समुद्र कुठवर आलाय ते दिवसातून चारदा वाचायचं आणि वर्षाच्या सरासरीचा एक आकडा वरच्या कचेरीला कळवायचा, एवढंच त्यांचं काम. सव्वीस वर्षं तेच. आकडा मात्र दरवर्षी चार मिलिमीटर उतरायचा.

साहेब वैतागायचे. "अहो मास्तर, जगभरात समुद्र चढतोय, तुमचाच बरा उतरतो? चष्मा बदला!"

बाराव्या वर्षी मास्तरांचा धीर सुटला. साहेबांचं मन राखायला त्यांनी आकडा चांगला दोन बोटं वाढवून कळवला. साहेब खूश.

घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर ते दर वर्षअखेरीला लेकीची उंची पेन्सिलीने लिहीत आणि शेजारी समुद्राचा आकडा. त्या वर्षी तिथेही खोटाच लिहायला हात उचलला, तेव्हा बायको म्हणाली, "याच दारातून मी देवाला फुलं घेऊन जाते. इथे खोटं नको हं." मास्तरांनी मुकाट्याने खरा लिहिला. घराला चारदा रंग लागला, पण ती चौकट तिने रंगवू दिली नाही.

निवृत्तीला महिना उरला, तेव्हा भूगर्भशास्त्र शिकलेल्या एक बाई कचेरीकडून आल्या. सगळे आकडे मांडून म्हणाल्या, "मास्तर, समुद्र उतरत नाहीये. तुमचं बेट वर येतंय! जमिनीच्या दोन अवाढव्य प्लेटा एकमेकींना रेटतायत, त्या रेट्यात ते उचललं जातंय. डोंगरमाथ्यावरच्या दगडांत शिंपले आहेत ना? तो एके काळी समुद्राचा तळ होता."

मास्तरांची छाती फुगली. तोच बाई थबकल्या. "पण बाराव्या वर्षी बेट एकदम खाली कसं बसलं? हा आकडा जुळला नाही, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

त्या वर्षीचे रोजचे कागद वाळवीने केव्हाच खाल्ले होते. पट्टी वाकली होती म्हटलं असतं, तर खपलंही असतं. पण मास्तर मान खाली घालून म्हणाले, "खोटा आहे तो. मीच लिहिला, भिऊन. खरा घरी आहे. दारावर."

बाई घरी आल्या, चौकटीपाशी उकिडव्या बसल्या. बारावी ओळ: लेकीची उंची, तारीख आणि आकडा. आदल्या ओळीपेक्षा चार मिलिमीटर कमी, अगदी बरोब्बर.

"जुळलं!" त्यांनी दुरुस्तीचा कागद पुढे केला. "चूक माझी, असं लिहून सही करा."

इतक्या आनंदाने मास्तरांनी आजवर कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

चहा ठेवता ठेवता बायकोने विचारलं, "प्लेटा म्हणजे आपल्या ताटल्याच ना?"

"नाव तेच," बाई हसल्या.

"बघा देवाची करणी! माझ्या ताटल्या आपटल्या की फुटतात, त्याच्या आपटल्या की डोंगर उठतो."

मास्तर पेन्सिल शोधत होते. यंदाचा आकडा चौकटीवर चढायचा राहिला होता.