गुणवंतभाऊंचं विमान

प्रश्न पुरा ऐकून घेणं गुणवंतभाऊंच्या स्वभावातच नव्हतं. समोरच्यानं "भाऊ, हे असं काहून..." एवढं म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असे. कळंबला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मी दुकान टाकलं त्या दिवशी ते हातातली तांब्याची तार न सोडता आत डोकावले, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मशीन उन्हाळ्यात बंद पडते. लिहून घे." मशीन पावसाळ्यात बंद पडलं. "मंग, पडलं का नाई?" असं म्हणत त्यांनी आपलं काम बाजूला टाकलं आणि दुपारभर माझ्यासोबत ते उघडून बसले.

अंगानं काटकुळे, नखं वॉर्निशनं काळी, चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली. शेतातल्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दारात रांगेनं पडलेल्या असत आणि त्यांच्यावर बसून माणसं गप्पा मारत. निवडणूक, बोंडअळी, कोणाच्या पोटात काय दुखतं, सगळ्यावर भाऊंचा निकाल मिळे. तो कितीदा चुकला याचा हिशेब कोणी ठेवत नसे. "मले नाई मालूम" हे शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा तरी ऐकले नव्हते.

ते विमान हरवल्याची बातमी आली तेव्हा दुकानात बसायला जागा उरली नाही. परदेशातलं प्रवासी विमान, रात्री समुद्रावरून जाता जाता गायब झालेलं. पानठेल्यावरचा शंकर म्हणाला, पायलटच फितूर झाला. कोणी म्हणालं, समुद्रात एक जागा आहे, ती विमानं गिळते. मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ येई आणि त्यातला माणूस आमच्याइतक्याच खात्रीनं बोले. गुणवंतभाऊंनी सगळ्यांना गप्प केलं.

"मोटार जळाली तं पहिले वास येते," ते म्हणाले. "एवढं मोठं विमान पडलं असतं तं काही तरंगलं नसतं का? एखादी खुर्ची, एखादी चप्पल? काईच नाई सापडलं, म्हंजे पडलंच नाई. उतरलं थे कुठंतरी बेटावर. लिहून घ्या."

तर्क पटण्यासारखा होता. दोन दिवसांत तो बाजारभर झाला.

आणि त्यानंतर कौसल्याबाई आल्या. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या, बौद्धवाड्यातल्या. त्यांचा प्रवीण लोहाऱ्याच्या कारखान्यात वेल्डिंग शिकून परदेशी कामाला गेलेला. एका देशातलं काम संपवून दुसरीकडे जायला तो याच विमानात चढला होता. हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनाही ते प्रवीणच्या सोबत्याच्या फोनवरून त्याच दिवशी पक्कं कळलं होतं. मोटारींवर बसलेली माणसं एकेक करून उभी राहिली.

"गुणवंतभाऊ," त्या दारातूनच म्हणाल्या, "इमान उतरलं म्हनता तुमी. खरं हाय का?"

मी भाऊंकडे पाहत होतो. त्यांनी तार खाली ठेवली, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"खरं हाय, बाई," ते म्हणाले. "येईन तुमचा पोरगा."

त्या गेल्या. मग भाऊ माझ्याकडे वळून एकदम चिडून म्हणाले, "मंग काय सांगतो मी तिले? तूच सांग ना!"

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी कौसल्याबाई येऊ लागल्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवून मोटारीवर टेकायच्या आणि विचारायच्या. बेटावर पाणी गोडं असतं का? प्रवीणला पित्ताचा त्रास, नारळ चालेल का त्याला? फोन काहून नाही लागत? भाऊ एकेकाचं उत्तर देत. "टावर नाई ना तिथं, बाई. आपल्याच डोंगराखालच्या गावात रेंज नाई, तं समुद्रात कुठून येईन?" हे ऐकताना त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. भाऊंचा मात्र आवळत चालला होता. त्या आल्या की गप्पा मारणारी माणसं निघून जात. त्या गेल्या की भाऊ मला मोबाइलवर विमानाची बातमी शोधायला लावत आणि "काई नवीन?" असं मान वर न करता विचारत.

बऱ्याच महिन्यांनी नवीन आलं. दूरच्या एका किनाऱ्यावर पंखाचा तुकडा वाहत आला होता, त्याच विमानाचा. मी फोटो दाखवला. भाऊंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, शेवाळ चढलेला, कडा फाटलेल्या.

"तरंगलं," ते म्हणाले. एवढंच.

पुढच्या बाजारी कौसल्याबाई आल्या, तेव्हा भाऊंनी तुकड्याचं नाव काढलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. विमानातलं कोणी जिवंत नाही असं तिकडच्या सरकारनं जाहीर केलं, तरी भाऊ बेटाबद्दलच बोलत राहिले. फक्त आवाज इतका खाली गेला होता की शेजारी असून मला ऐकू येत नसे.

एका दुपारी प्रवीणची बायको वैशाली आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तो परदेशी गेला होता.

"भाऊ, तुमचं पाप नाई म्हनत मी," ती उभ्याउभ्याच बोलली. "पन मी कोन हाय, मलेच समजत नाई. टिकली लावली तं शेजारीन पाहते, नाई लावली तं आई रडते. माहेरचे बोलावून राह्यले. आई म्हनते, गुणवंतभाऊ सांगते तोवर पोरगा जिता हाय. आता तुमीच सांगा त्याहिले. दुसऱ्या कोनाचं ऐकत नाई त्या."

भाऊंनी त्याच दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि मला सोबत घेतलं. विहाराच्या मागं कौसल्याबाईंचं दोन खोल्यांचं घर. त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं. भाऊ पाणी प्यायले नाहीत.

"बाई, पंख सापडला इमानाचा," ते म्हणाले. "लय दिवस झाले. मी सांगतलं नाई."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मले काईच मालूम नोतं. पहिल्या दिवशी बी नोतं. मी मोटारी भरतो, बाई. इमान मी जवळून पाह्यलं बी नाई कधी. प्रवीण नाई येत आता."

वैशाली आतल्या दाराला धरून उभी होती. कौसल्याबाई रडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या रडल्या नाहीत.

"मी समद्याहिले इचारलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "तहसीलीतल्या साहेबाले इचारलं, हेडमास्तरले इचारलं. समदे म्हने, मालूम नाई. तुमी एकटेच म्हने मालूम हाय. काहून म्हनलं, भाऊ?"

"तुमी दारात उभ्या होत्या म्हनून," भाऊ म्हणाले.

"उठा," त्या म्हणाल्या. "उठा माह्या घरातून."

आम्ही उठलो. दुकानाशी आल्यावर भाऊ कुलूप हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. शेवटी ते मी उघडलं.

महिन्याभरात प्रवीणचं पुण्यानुमोदन झालं. बुद्धमूर्तीसमोर त्याचा वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवलेला फोटो ठेवला होता. देह नव्हताच. गुणवंतभाऊ शेवटच्या ओळीत बसले. जेवणाच्या पंगतीत कौसल्याबाई स्वतः वाढत होत्या. त्यांनी भाऊंच्या पत्रावळीवरही भात वाढला, वरण घातलं, पण मान वर केली नाही. वैशाली पुसदला माहेरी गेली, तिथं दवाखान्यात कामाला लागली आणि पुढं तिचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नाला कौसल्याबाई गेल्या होत्या.

भाऊंच्या दुकानावरून मात्र त्या जाईनाशा झाल्या. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून जात. भाऊ त्या दिशेला पाठ करून काम करत. गप्पाही सुकल्या. लाइन काहून गेली, पाऊस कधी येईन, कोणी काही विचारलं तर भाऊ म्हणत, "काय मालूम बावा." लोकांना मजा येईना. ते शंकरच्या ठेल्यावर बसू लागले.

गेल्या वर्षी भाऊंचं पोट फुगायला लागलं. यवतमाळला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी भाऊंच्या बायकोला बाजूला घेऊन घरी न्यायला सांगितलं. घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगे. काविळीचं आहे, उतरेल. गावठी औषध द्या. माझ्या साळ्याला असंच झालं होतं, आज ट्रॅक्टर चालवतो. मीही म्हणालो, दिवाळीपर्यंत दुकान उघडाल. भाऊ सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत. चंद्रपूरला दिलेल्या मुलीनं फोन केला तेव्हा बायकोनं तिला सांगितलं, थोडी कणकण आहे, घाईनं येऊ नको.

एका सकाळी कौसल्याबाई आल्या. मी तिथंच होतो. त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि खाटेशेजारी जमिनीवर बसल्या. भाऊंनी डोळे उघडले, ओळखलं.

"बाई," भाऊ म्हणाले, "कसा दिसून राह्यलो मी?"

भाऊंची बायको लगबगीनं काही बोलणार होती. कौसल्याबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"चेहरा चांगला नाई दिसत, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरीले बोलावून घ्या. आजच बोलवा."

बायकोनं तोंडाला पदर लावला. भाऊंनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी अंगणात जाऊन फोन लावला.

मुलगी संध्याकाळी पोचली. बापलेक दार लोटून बोलत बसले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मध्ये एकदा भाऊंच्या हसण्याचा आवाज बाहेर आला, खोकल्यात बुडालेला. मग मुलीच्या रडण्याचा. दोन दिवसांनी पहाटे ते गेले.

स्मशानातून परतताना शाळेच्या फाटकाशी कौसल्याबाई उभ्या होत्या. हाताला तांदळाची भुकटी लागलेली.

"पोरगी पोचली होती ना टायमावर?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

"बोलनं झालं त्याहिचं?"

"झालं, बाई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चुलीवर खिचडी होती म्हणून आत गेल्या.