हेमाने सोडलेला डाव

हेमलता गेल्याचा निरोप कॉम्प्युटर क्लासच्या फोनवर आला. सरांनी रिसीव्हर ठेवला आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, “धुळ्याहून होता. हेमा गेली.” कावीळ झाली म्हणून ती मामांकडे गेली होती, हे ठाऊक होतं. पण कावीळ बरी होते, असंच आम्ही धरून चाललो होतो... नितीन उठून बाहेर गेला. तिच्यावर सगळ्यांत जास्त संशय त्यानेच घेतला होता.

हेमा धरणगावची. जळगावात खोली घेऊन कॉम्प्युटर शिकत होती. नितीन आणि मी यावलकडच्या शेजारच्या गावांतले. दर रविवारी दुपारी सर सहा मशिनं वायरने जोडून द्यायचे आणि तीन विरुद्ध तीन असा किल्ल्याचा खेळ चालायचा. इंटरनेट फोनच्या तारेवरून रखडत येतं, त्यावर असले खेळ कुठले चालायला? म्हणून महिन्यातल्या एका रविवारी धुळ्याच्या क्लासची तीन मुलं चक्क एसटीने खेळायला यायची. त्यांचा म्होरक्या किरण, हेमाचा मामेभाऊ. संशयाला तेवढं पुरेसं होतं.

नितीन पुढे धावायचा, मी मध्ये असायचे आणि हेमा किल्ल्याचं मागचं दार राखायची. ते काम कंटाळवाणं. डाव संपेपर्यंत एकही गोळी न झाडता उभं राहायचं. पण तिने जागा सोडलेली मला आठवत नाही. डाव संपला की मात्र ती सोडायची नाही. “तू कुठे होतास ते तू सांग, मी कुठे होते ते मी सांगते. दुसऱ्याचं कोणी सांगायचं नाही.” नितीनला हा जाच वाटायचा. एरवी आम्ही बरे खेळायचो. धुळेकर आले की हरायचो. आम्ही डावीकडून निघालो की ते डावीकडे दबा धरून बसलेले. आम्ही खेळताना आमच्या गावाकडच्या बोलीत ओरडायचो, धुळ्याच्या अहिराणी बोलणाऱ्या पोरांना ती काय कळणार म्हणून. हेमा तेवढी म्हणायची, “तोंडं बंद ठेवून खेळा ना.” आम्ही हसण्यावारी न्यायचो.

एकदा हरल्यावर नितीन सगळ्यांदेखत म्हणाला, “हेमा, आपला बेत तुझ्या मामाच्या घरी आधीच पोचतो का?”

किरण बुटाची नाडी बांधत बसला. हेमा रागावली नाही. “पुढच्या वेळी मी खेळत नाही,” ती म्हणाली. “बेतही मला सांगू नका. मग बघा.”

पुढच्या वेळी ती बाहेर पायरीवर बसली. समोरच्यांनीही एक गडी कमी केला. तरी आम्ही हरलो. वाटलं, आता मिटलं. पण नितीन मला म्हणाला, “आपण कसे खेळतो, ते तिने आधीच सांगून ठेवलं असेल.” हे तिच्या कानावर गेलंच. त्यानंतरच्या रविवारी ती आली, काही न बोलता मशिनपाशी बसली आणि पुन्हा मागचं दार धरलं. खरं सांगायचं तर तिचं ते निमूटपणे येणंही मला संशयास्पद वाटलं होतं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी धुळ्याला मामांकडे भेटायला गेले. दार मामींनी उघडलं. “आली का व माय? बैस,” त्या म्हणाल्या. मी उंबऱ्यातच थबकले. हा हेल माझ्या आईचा, माझ्या गल्लीचा!

“मामी, तुम्ही कुठल्या?”

“फैजपूरची. काहून?”

फैजपूर म्हणजे आमच्या यावलच्या शेजारचंच. मी आत खाटेवर बसलेल्या किरणकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मामी चहा ठेवायला गेल्यावर तो हळूच म्हणाला, “तुम्ही ओरडायचे ते बठ्ठं समजायचं मला.”

“हेमाला माहीत होतं?”

“ताईनेच पहिल्या दिवशी मला बाजूला घेतलं. म्हणाली, मी त्यांचं तुला सांगणार नाही आणि तुझं त्यांना सांगणार नाही. तुझं तू सांग. प्रत्येक वेळी एसटीत बसताना ठरवायचो, आज सांगायचं... नितीनभाऊ तिला बोलले, त्या दिवशीही मी गप्पच बसलो.”

“मग आता नितीनला सांग. मी सांगणार नाही.”

तो माझ्याबरोबरच जळगावला आला. नितीनने सगळं उभ्यानेच ऐकलं. मला म्हणाला, “एका वाक्याचं काम होतं. आपल्याला सांगायला काय झालं होतं तिला?” मग, “की अजून काही आहे, जे आपल्याला कळलेलं नाही?” दोन्हीकडची म्हणून ती दोन्हीकडून गप्प राहिली आणि मधला सगळा मार तिने एकटीने खाल्ला, एवढंच मला दिसतं. नितीनचा राग अजून गेलेला नाही. तो किरणवर आहे, हेमावर आहे की स्वतःवर, ते त्यालाही सांगता येत नाही.

मागच्या रविवारी आम्ही दोघं क्लासवर गेलो. हेमाच्या मशिनपाशी कोणी नवी मुलगी बसली होती. एकेक अक्षर शोधत ती स्वतःचं नाव टाइप करत होती. तिने वर पाहून विचारलं, “ही जागा तुमची आहे का?”

“नाही,” नितीन म्हणाला. “बस तू.”