हेमलताची जादा रजा

“अशी रजा नसते,” म्हणून मी अर्ज परत सरकवला. समोर हेमलताचा नवरा उभा होता, बाळकुमचा कोळी. हेमलता आमच्या असेंब्लीत स्विच जोडायची. सातव्या महिन्यातच तिला मुलगी झालेली.

“म्याडम, पोर अजून काचेच्या पेटीत हाय. हिला पन ताप येतो. डॉक्टरनं लिवून दिलंय. जरा बघा ना.” अर्ज टेबलावरच ठेवून तो गेला.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी पर्सोनेलला होते. म्हणजे कामगारांच्या हजेरीचे, रजेचे कागद माझ्याकडे. बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवडे, हे मी झोपेतही सांगितलं असतं. हेमलताचे बारा आठवडे संपत आलेले. तिला आणखी एक महिना हवा होता, पगारी.

तरी मी कायद्याचं पुस्तक काढलं. नियम होता. बाळ आजारी म्हणून रजा नव्हती. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाने आईची तब्येत बिघडली, तर डॉक्टरच्या दाखल्यावर आणखी एक महिना, पगारासकट.

मी पुस्तक मिटलं. चार वर्षांपूर्वी माझा मुलगाही डोंबिवलीत असाच पेटीत होता, दोन महिने. बाळंतपणाची बहुतेक रजा हॉस्पिटलच्या बाकावर संपली. तो घरी आला आणि पंधरा दिवसांत मी कामावर. अंगात ताप. दूध ऑफिसच्या बाथरूममध्ये पिळून टाकायचं. तेव्हा हे पान मला कोणी दाखवलं नाही. दाखवणार कोण? रजेचं टेबल माझंच.

खरं सांगते, मला हेमलताचा हेवा वाटला. भयंकर. मी तिचा अर्ज ट्रेमध्ये सगळ्यात खाली घातला.

साहेबांनी विचारलं, “असेंब्लीतल्या त्या बाईच्या रजेचं काय झालं?”

“बघतेय, सर.”

तिसऱ्या दिवशी हेमलता स्वतः आली. चेहरा पांढराफटक. टेबलाला धरून बसली.

“तुला कोणी सांगितलं, अशी रजा मिळते?” मी विचारलं.

“युनियनच्या ताईंनी. बोलल्या, मागून तर बघ.” मग माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, तुमचं बाळ पन पेटीत व्हतं ना? तुम्ही किती घेतली?”

“नाही घेतली.”

“का?”

“मागितली नाही.”

तिला माझी कीव आली, ते मला स्पष्ट दिसलं. ते सहन होईना. मी तिच्यासमोरच अर्ज काढला, ‘नियमात बसते’ असा शेरा मारला आणि साहेबांकडे नेला. पाच मिनिटांत सही झाली.

मुलगी वाचली. हेमलता महिन्याने कामावर आली. तोवर तिचं रिकामं स्टूल दिसलं की माझ्या पोटात दुखायचं. उगीच नाकारत नाही.

मी एवढंच शिकले: ज्याचं टेबल, त्याला सगळे नियम माहीत असतात, असं कोणी धरून चालू नये. टेबलामागच्या बाईने तर मुळीच नाही.