बिडीची शपथ

बाबांनी दारू सोडली त्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा आठवी शिकलेले. वर्ध्याजवळच्या गावातून भोपाळच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि पुढे क्रेन चालवायला शिकले. आईची शाळा चौथीत संपली. त्यामुळे घरात आलेला कुठलाही इंग्रजी कागद आधी माझ्या हातात यायचा. मी तो वाचून सांगायची आणि मी सांगेन ते दोघं मान डोलावून ऐकायचे. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या मोठेपणाचाही वाटा होता, असं मला वाटतं.

दारू सोडायची शपथ बाबांनी गणपतीत घेतली. टाउनशिपमधल्या मराठी मंडळाचा गणपती आमच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर बसायचा. आरती झाली, लोक प्रसाद घेऊन पांगले, आणि बाबा एकटेच मूर्तीसमोर गेले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. घरी आल्यावर आईला म्हणाले, "झालं. सोडली." त्याआधी उन्हाळ्यात कारखान्याने त्यांना क्रेनवरून खाली उतरवलं होतं. हात थरथरायचे. वर केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड उचलणाऱ्या माणसाचे हात थरथरले तर खालच्यांचं काय होईल, हे त्यांनाही कळत होतं. तेव्हापासून ते स्टोअरमध्ये बसून नट-बोल्टांच्या पेट्या द्यायचे. क्रेनवर परत जायचं असेल तर डॉक्टरांचा फिटनेसचा कागद हवा होता.

गणपतीनंतरचे पहिले दोन महिने बरे गेले. आता वाटतं, ते बरे जावेत म्हणून आई किती झटत होती ते मला तेव्हा दिसलंच नाही. पहिल्या पाळीहून आले की बाबा जेवून झोपायचे. पूर्वी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते सायकल काढायचे आणि अशोका गार्डनच्या रस्त्यावरच्या कलारीत, म्हणजे दारूच्या दुकानात, जायचे. आता त्याच वेळेला आई मागच्या पायरीवर चहा नेऊन ठेवायची, शेजारी बिडी आणि काडेपेटी. आणि स्वतः तिथेच बसायची. काही विशेष बोलायचे नाहीत. नळाला पाणी आलं का, शेजारच्यांच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, असलंच. एक बिडी, मग अर्ध्या तासाने दुसरी. सात वाजले की आई उठून कणीक मळायला घ्यायची.

मला तो धूर आवडायचा नाही. बाबांना खोकला होता. सकाळी तोंड धुताना ते बराच वेळ खोकत राहायचे.

दिवाळीनंतर टाउनशिपच्या दवाखान्यात तपासणीसाठी त्यांच्याबरोबर मी गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"शराब छोड़ दी, बहुत अच्छा किया. अब ये बीड़ी भी छोड़ो भैया. छाती देखी है अपनी?"

"जी साहब."

"जी साहब मत बोलो. छोड़ो. तीन महीने बाद आना, फिर देखेंगे क्रेन का."

डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. घरी आल्यावर मी त्या मोठ्याने वाचल्या आणि मराठीत समजावून सांगितल्या. आई गॅसपाशी उभी होती.

ती म्हणाली, "हळूहळू सोडतील. एकदम दोन-दोन गोष्टी कशा सोडायच्या माणसाने?"

"आई, छातीचा प्रश्न आहे. हळूहळू म्हणजे कधीच नाही."

"बरं मास्तरीणबाई. तुला जास्त कळतं."

मला खरंच तसं वाटत होतं. दारूसारखी दारू सोडलेल्या माणसाला बिडी सोडणं काय जड आहे, असा माझा सरळ हिशेब होता. मी बाबांसमोर जाऊन बसले आणि त्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"म्हणा. आजपासून बिडी नाही. माझी शपथ."

बाबा हसले, पण हात काढून घेऊ लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पोरीच्या डोक्यावर नको. देवाची एक घेतली आहे ना, तेवढी पुरे."

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी दुसरी-तिसरीत असताना बाबांना अशीच माझी शपथ घातली होती, दारू पिऊ नका म्हणून. आमच्याकडे असं मानतात की ज्याच्या डोक्याची शपथ घेतली त्यानेच तोंडाने "सुटली" म्हटलं की माणूस मोकळा होतो. तसं न म्हणता मोडली तर ज्याच्या डोक्याची घेतली त्याच्यावरच ती उलटते. आठ दिवसांनी कुणाच्या तरी लग्नाला जाताना बाबांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून चक्कर मारली, पेपरमिंट दिलं आणि म्हणाले, "सुटली म्हण बरं बेटा." मी म्हटलं. त्या रात्री त्यांना दोघांनी धरून घरी आणलं. मी हे कधी विसरले नाही.

म्हणून या वेळी मी त्यांचा मनगटाशी घट्ट धरलेला हात सोडला नाही. मी म्हणाले, "आणि लक्षात ठेवा, या वेळी मी सुटली म्हणणार नाही. काहीही झालं तरी."

 त्यांनी शपथ घेतली. उरलेलं बंडल स्वतःच आईच्या हातात दिलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणीला मी हे अभिमानाने सांगितल्याचंही आठवतं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. सहाच्या चहाला बाबा मागच्या पायरीवर जाईनात. बसलं की हात खिशाकडे जातो, म्हणाले. मग ते घरातच फिरायचे. पुढची खोली, मधली खोली, व्हरांडा. व्हरांड्यात सायकल होती, तिथे जाऊन थांबायचे. सायकलचं मागचं चाक नेमकं रोज बसलेलं असायचं. ते अंगठ्याने टायर दाबून बघायचे आणि परत फिरायचे. तोंडात लवंग, बडीशेप, काहीतरी सतत. आईने त्यांच्यापुढे मटार सोलायला ठेवले. नवे मटार आले होते. त्यांनी ते इतके सोलले की आठवडाभर आम्ही मटाराची उसळ, मटारभात आणि मटाराचे पराठेच खाल्ले.

"अजून आणू का?" आईने एकदा विचारलं.

"आण. ट्रकच मागव," बाबा म्हणाले. आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

एरवी ते चिडलेले असायचे. नळ गळतो म्हणून, मी दिवा चालू ठेवते म्हणून. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. असं ते प्यायल्यावर करायचे. आईने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मीठ आणलं. माझ्या मनात आलं की हे बिडीपायी चाललं आहे, दहा-बारा दिवसांत संपेल. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते.

नवव्या का दहाव्या फुलीनंतर मला ताप आला. थंडी वाजून, दात वाजून. दवाखान्यात रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. टाउनशिपमध्ये त्या दिवसांत घरटी कुणीतरी आजारी होतंच. गोळ्या सुरू झाल्या. ताप चढायचा आणि उतरायचा. पण बाबा माझ्या खोलीत येईनात. दारात उभे राहून विचारायचे, "कसं आहे?" आणि उत्तर ऐकायला थांबायचेही नाहीत. लहानपणी मला ताप आला की कपाळावर पट्ट्या तेच ठेवायचे, प्यायलेले असले तरी. आता माझ्या अंगाला हातही लावत नव्हते. मला वाटलं, शपथ घातल्याचा राग धरला आहे. मलाही राग आला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप जरा उतरला होता. व्हरांड्यातून आवाज आला, पंपाचा. चाकात हवा भरण्याचा, एकसारखा. त्या आवाजाने मी उठून बसले. आई आत आली. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी बिडी ओढली. तुला ताप यायच्या दोन दिवस आधी. स्टोअरच्या मागे, एकच. मला काल सांगितलं."

"मग?"

"मग काय मग? त्यांना वाटतंय, तुझा ताप त्यांच्यामुळे आला."

"आई, हा मलेरिया आहे. डासांनी होतो."

"मला सांगून काय उपयोग? मी त्यांना सांगितलं. तू रक्ताच्या तपासणीचा कागद वाचून दाखवलास, तेही त्यांनी ऐकलं. पण ते काय म्हणाले ठाऊक आहे? पोरीची शपथ मोडली, आता देवाची मोडायला काय राहिलं?"

पंप थांबला. सायकलचा स्टँड वर गेल्याचा खटका ऐकू आला.

मी भिंतीला धरत बाहेर गेले. बाबा पायात चपला घालून उभे होते, हँडल धरून. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. बाहेर उजेड होता, समोरच्या क्वार्टरच्या अंगणात बायका पापड उचलत होत्या.

"कुठे निघालात?"

"अशोका गार्डनला. दोस्ताकडे. येतो लवकर."

आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी काय काय सांगू शकले असते! डास, रक्ताची तपासणी, गोळ्या. हे सगळं मला येत होतं आणि त्यातलं काहीही त्यांच्या कामाचं नव्हतं. शपथ मीच घातली होती. माझा स्वतःचा तिच्यावर विश्वास नव्हता, त्यांचा होता म्हणून मी ती वापरली. आणि वर दारही लावून घेतलं होतं, सुटली म्हणणार नाही म्हणून.

मी म्हणाले, "बाबा, सुटली."

त्यांना कळलं नाही. किंवा कळूनही ते तसेच उभे राहिले असतील.

"बिडीची शपथ सुटली," मी पुन्हा म्हणाले. "मी सांगते आहे ना. मोडलेलीसुद्धा सुटली. माझ्यावर काही नाही आता."

"अशी मागून सुटते का?" त्यांनी आईकडे बघत विचारलं. शाळेत मुलगा विचारतो तसं.

आई म्हणाली, "सुटते. माझ्या आईकडे सुटायची." असं खरोखर होतं की तिने तिथल्या तिथे रचलं, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

"पण गणपतीपुढची मी सोडवू शकत नाही," मी म्हणाले. "ती माझी नाही."

बाबांनी बराच वेळ हँडल सोडलं नाही. मग त्यांनी सायकल स्टँडवर लावली. पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावला, उलट्या हाताने, जसा ते नेहमी लावायचे. "अजून गरम आहे," ते म्हणाले.

आईने तुरीच्या डाळीच्या डब्यातून बंडल काढलं. तिने ते टाकलं नव्हतंच. बाबा मागच्या पायरीवर बसले. काडी दोनदा विझली. मी शाल घेऊन त्यांच्या शेजारी बसले, आई चहा करायला गेली. त्यांनी धूर दुसऱ्या बाजूला सोडला, तरी मला ठसका लागला. मग त्यांनाही खोकला आला. तो खोकला ऐकताना मी हे काय केलं असं मला वाटत होतं. आजही कधी कधी वाटतं.

त्या संध्याकाळी ते गेले नाहीत. बिडी सुटायला पुढे दोन वर्षं लागली, ती आईच्या पद्धतीने, हळूहळू. क्रेनवर ते कधी परत गेले नाहीत, कारण तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कागद दिला नाही. त्यांच्या नकाराच्या चिठ्ठीतल्या इंग्रजी ओळीही मीच वाचून सांगितल्या. बाबा म्हणाले, "ठीक आहे बेटा. स्टोअर बरं आहे, सावली आहे."

बरी झाल्यावर मी एकदा कॉलेजातून दुपारीच घरी आले. बाबा आत झोपले होते. व्हरांड्यात आई सायकलपाशी उकिडवी बसली होती आणि मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह ढिला करून हवा सोडत होती. आवाज होऊ नये म्हणून तिने त्यावर पदर धरला होता.

मी तिथेच उभी राहिले. "त्यांना माहीत आहे?"

"न माहीत असायला काय झालं? रोज चाक बसतं का कुणाचं?"

"मग अजून किती दिवस करणार आहेस?"

"मला काय ठाऊक," आई म्हणाली. "तुझ्या डॉक्टरच्या कागदात नाही का लिहिलं?" मग तिने व्हॉल्व्ह परत आवळला, पदराने हात पुसले आणि मला हातपाय धुऊन जेवायला बसायला सांगितलं. सहाला अजून बराच वेळ होता.