मृदंगाच्या खोडाला दिलेले वॉर्निश

माझा थोरला भाऊ कीर्तनाला मृदंगाची साथ करी. तमिळ मुलखातल्या जुन्या मराठी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचे घर. आसपासच्या मराठी घरांत कीर्तन असले की अण्णाला बोलावणे ठरलेलेच. त्याचा मृदंग करणारा कारागीर तमिळ होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. कातड्याचे काम करणारा म्हणून तो आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. फणसाचे खोड कोरून आणायचा, आई सोवळ्यासाठी त्यावर दोन घागरी पाणी ओतायची, आणि ते वाळल्यावर तो ओट्यावर बसून दोन्ही तोंडांना कातड्याच्या पुड्या चढवायचा. चढवून झाल्या की तोच मृदंग थेट देवघरात जायचा. यात आम्हांला कधी काही वावगे वाटले नाही.

या पाण्यापायी एका खोडाला तडा गेला. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. रामनवमीच्या कीर्तनासाठी नवे खोड आले, त्यावर आईने पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी ते वरून कोरडे दिसताच मी खुर्च्यांना लावतात ते वॉर्निश आतून-बाहेरून तीन वेळा दिले. पुढे पुड्या बदलताना कितीही पाणी पडो, लाकूड सुरक्षित.

कारागीर आला. त्याने खोडात तोंड घालून वास घेतला.

"सामी, हे कोणी केलं?"

"मी. आता पाणी मुरणार नाही."

"मुरलेलं आतच कोंडलंय. खोडाला तेल द्यायचं, तेही थोडं थोडं. आतले छिन्नीचे चरे बुजवलेत तुम्ही. आवाज तिथंच फिरतो, सामी. हे आता टेबल झालं. मी घासून काढतो, आठ दिवस ऊन द्या."

कीर्तन दोन दिवसांवर होते.

"तू पुड्या चढव," मी म्हणालो. "आणि अण्णाला सांगू नकोस."

"बरं," म्हणाला आणि कामाला बसला.

कीर्तनात थाप पडे, पण डाव्या तोंडाचा घुमार उठेना. उजवे तोंड सुरात लागे, पण नाद लगेच विझे. बुवांनी मध्येच वळून विचारले, "काय हो, आज भाताचं पोतं आणलंत वाटतं?" सगळे हसले. अण्णाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या सकाळी त्याने कारागिराला बोलावून गल्लीत, चारचौघांसमोर झाडले. "ओलं लाकूड गळ्यात मारलंस माझ्या." मी दारात उभा होतो. कारागिराने एकदा माझ्याकडे पाहिले.

"चूक झाली, सामी," तो अण्णाला म्हणाला.

मी वळून घरात गेलो. महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्याचे काम बंद केले. दोन वर्षांनी तो बायकापोरांसह ओरत्तनाडूकडच्या एका खेड्यात निघून गेला.

गेल्या वर्षी अण्णाचा हात कापू लागला आणि वादन सुटले. तेव्हा कुठे मी त्याला खरे सांगितले.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "नव्या माणसानं पुड्या काढल्या तेव्हाच आत वॉर्निश दिसलं. घासून उन्हात ठेवल्यावर आवाज मोकळा झाला. घरात असले उद्योग करणारा दुसरा कोण होता?"

"मग त्याला परत का नाही बोलावलंस?"

"गल्लीत बोललो होतो ना. शब्द मागे कसा घेऊ?" त्याने उलट विचारले, "आणि तू? तू का नाही गेलास?"



कारागीर हयात आहे. बैलगाड्यांची जोखडे तासतो असे ऐकतो. त्याच्या गावाला बस जाते, तासाभराची वाट. मी अजून गेलेलो नाही. गुन्हा कबूल करतो आहे तोही इथे, मराठीत, जी त्याला वाचता येत नाही.