खडीचं माप

सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि नेकनूरच्या आसपास कुणाच्याच हाताला काम उरलं नाही. पेरणीच नाही तर खुरपणी कुठली? सूत मिळेना म्हणून कोष्ट्यांचे मागही बंद पडले. तेव्हा निजाम सरकारने चौसाळ्याकडे जाणाऱ्या सडकेचं काम काढलं. मी तहसिलीत नवा कारकून होतो. हजेरी घ्यायला मला तिथे धाडलं. लोकांनी दिवसभर दगड फोडायचे, संध्याकाळी लाकडी पेटीच्या मापाने खडी मोजून द्यायची आणि ज्वारी घेऊन जायची. ज्यांच्याने घण उचलवत नव्हता त्यांच्यासाठी लिंबाखाली सरकारी लंगरखाना होता. तिथे दुपारी कण्या शिजत.

फाल्गुनात वरून हुकूम आला. लंगरखाना बंद करा, आणि जो दिवसाचं काम पुरं करणार नाही त्याला कमी करा.

तहसीलदारसाहेब सौम्य बोलायचे. मला म्हणाले, "मुन्शीजी, बाकी तालुक्यांनी बचत दाखवली. आपलीच राहिली आहे."

मी दुसऱ्या दिवशी नावं खोडली. ती वाचून दाखवताना मान वर केली नाही, एवढं आठवतं. बरेच जण उठून गेले. एक म्हातारा-म्हातारी चकलांब्याला लेकीकडे जातो म्हणाले. एवढ्या उन्हात ते पोचले की नाही, मला कळलं नाही. मी चौकशीही केली नाही.

एक कोष्टीण मात्र गेली नाही. साठीची असेल. जन्म मागावर गेलेला, त्यामुळे बोटं बारीक. घण धरला की हात थरथरायचा. दुसऱ्या सकाळी बघतो तर ती आपल्या जागी बसून दगड फोडतेय.

"मावशी, तुमचं नाव निघालं. आता ज्वारी मिळायची न्हाई," मी म्हणालो.

"नाव निघालं, हात हायेत की," ती म्हणाली. "घरी बसून तरी काय करू? तिथं कोण हाय?"

तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. संध्याकाळी मापं घेत तिच्यापाशी आलो आणि थबकलो. तिच्यापुढे खडीचा भला मोठा ढीग होता. शेजारच्या बाया आपापल्या पाट्या झटकत दुसरीकडे बघत होत्या. पेटी लावली, ती काठोकाठ भरली. मी तिचं नाव पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही.

आठवड्याने तहसीलदारसाहेब घोड्यावरून तपासणीला आले. तिचे हात पाहिले, ढीग पाहिला.

"हे हिने फोडलं?"

खोटं बोललो असतो तर बहुधा चाललं असतं. पण एकदा मान खाली घालून झाली होती. मी म्हणालो, "न्हाई साहेब. सगळ्याजणी आपल्यातली पाटी पाटी टाकतात."

"कावून?" त्यांनी बायांना विचारलं. 'का' याला आमच्या बोलीत असलेला शब्द त्यांच्या तोंडी ऐकून बाया दचकल्या.

त्यांतली एक लेकुरवाळी पुढे आली. "आमची लेकरं झाडाखाली पडलेली असत्यात. ह्या मावशी अधूनमधून उठून त्येंना बघत्यात, पाणी पाजत्यात. म्हणून आमचा हात चालतो. त्येंचं काम लई हाय साहेब, पण तुमच्या पेटीत मावत न्हाई."

साहेबांनी घोडा माझ्याकडे वळवला. मग मला म्हणाले, "हुकमात काम म्हटलंय, दगड म्हटलेलं नाही. लेकरं सांभाळणं, पाणी आणणं हे कामात लिहा. ज्यांना कमी केलं त्यांना निरोप धाडा."

निरोप गेले, काही माणसं परतही आली. चकलांब्याला मी पाठवलेला निरोप्या मात्र तसाच परत आला. तिकडे ते दोघं कुणाला दिसले नव्हते.

मृगात पाऊस पडला, लोक शेतांकडे वळले आणि काम थांबलं. सडक चौसाळ्याच्या बरीच अलीकडे राहिली. बचत न दाखवल्याबद्दल साहेबांकडून जबाब मागवला गेला. तो त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला, दोनच ओळींचा: माणसं होती, काम होतं, म्हणून खर्च झाला. पुढे त्यांची बदली झाली. मी आणखी बरीच वर्षं अशा कामांवर हजेरी घेतली, पण नावं वाचताना समोर बघून वाचली.